टेंटमध्ये प्रोपेन हीटर: रात्रभर चालू ठेवायचा की नाही?

पायवाट:
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय. येत्या थंडीत आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि ७ वर्षांची लेक, टेंट कॅम्पिंगला जायचं म्हणतोय. रात्री पारा शून्याच्या खाली २-३ अंश जाईल असा अंदाज आहे. टेंट चार जणांचा, आतला इनर आणि वरून फ्लाय असा दुहेरी. गाडी टेंटपर्यंत जाते त्यामुळे सामानाच्या वजनाची चिंता नाही. नवऱ्याने छोटा प्रोपेन हीटर आणलाय, ४५० ग्रॅमच्या सिलिंडरवर चालतो, पुढे जाळी आणि आत तापून लाल होणारी सिरॅमिकची प्लेट. खोक्यावर लिहिलंय की ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद होतो, कलंडला तरी बंद होतो. त्यामुळे नवरा म्हणतोय की बारीक करून रात्रभर चालू ठेवू, लेकीला थंडी वाजायला नको. मला मात्र पटत नाहीये पण का पटत नाहीये ते नीट सांगताही येत नाहीये. ज्यांनी वापरलाय त्यांनी कृपया लिहा. झोपताना चालू ठेवता येतो का? हवेसाठी किती उघडं ठेवायचं? आणि हा ऑक्सिजनवाला सेन्सर खरंच भरवशाचा असतो का?

भटक्या:
ताई, बिनधास्त वापरा. मी कित्येक वर्षं वापरतोय, रात्रभर मंद आचेवर, काही झालेलं नाही. फक्त टेंटची चेन वीतभर उघडी ठेवायची. सेन्सर असतोच. उगाच घाबरून थंडीत कुडकुडण्यात अर्थ नाही.

निळी_ज्योत:
भटक्याभाऊ, तुमच्या अनुभवाबद्दल आदर ठेवून सांगतो, पण लहान मूल सोबत असताना हा सल्ला मी कुणालाही देणार नाही. माझं काम गॅसच्या उपकरणांचं आहे, बर्नर, रेग्युलेटर, व्हॉल्व्ह यातच दिवस जातो, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी तो सेन्सर. बऱ्याच जणांना वाटतं की आत हवा तपासणारं एखादं इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे. तसं नसतं. आत एक बारीकशी पायलट ज्योत असते आणि ती एका थर्मोकपलच्या (तापलं की किंचित वीज तयार करून गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरणाऱ्या तारेच्या) टोकाला तापवत असते. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. तो १८ टक्क्यांच्या आसपास आला की ती ज्योत आपल्या जागेवरून उचलली जाते, टोक गार होतं आणि व्हॉल्व्ह बंद पडतो. साधी आणि चांगली रचना आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण ती फक्त ऑक्सिजन कमी झालाय का एवढंच ओळखते. कार्बन मोनॉक्साइड किती झालाय हे तिला कळतच नाही. बर्नरमध्ये धूळ बसली, कोळ्याने जाळं केलं (हे खरंच होतं, वर्षभर माळ्यावर पडलेल्या हीटरच्या नळीत मी स्वतः काढलेली आहेत), किंवा प्लेटला तडा गेला, तर ऑक्सिजन भरपूर असतानाही ज्वलन अर्धवट होतं आणि मोनॉक्साइड तयार होतो. पायलट बिचारी आपली व्यवस्थित जळत राहते, कारण तिच्या दृष्टीने सगळं ठीक आहे.

आता हिशोब. असा छोटा हीटर मंद आचेवर साधारण १.२ किलोवॉट उष्णता देतो, म्हणजे तासाला ८५ ग्रॅमच्या आसपास प्रोपेन जळतं. त्याला तासाला सव्वादोनशे लिटर ऑक्सिजन लागतो. हवा नव्हे, निव्वळ ऑक्सिजन. तुमच्या टेंटमध्ये आत ४ घनमीटर हवा धरली आणि टेंट पूर्ण बंद आहे असं समजलं तर तुम्ही तिघं आणि हीटर मिळून २१ वरून १८ टक्क्यांवर यायला अर्धा तास पुरतो. तोवर कार्बन डायऑक्साइड दीड टक्क्याच्या पुढे गेलेला असतो, म्हणजे डोकं जड व्हायला लागतं. खरा टेंट इतका बंद नसतो, कापडातून आणि शिवणीतून हवा येते-जाते हे मान्य. पण वारा पडलेला असताना, फ्लायवर दव गोठून कापड ताठ झालेलं असताना किंवा कडेने बर्फ साचलेला असताना ती किती येते याचा भरवसा कुणी द्यायचा?

आणि भटक्याभाऊ, ४५० ग्रॅमचं सिलिंडर मंद आचेवर साडेपाच तासांच्या आसपास चालतं. त्यामुळे ‘रात्रभर’ चालत असेल तर एकतर मोठं सिलिंडर जोडलेलं आहे किंवा पहाटे तो आपोआप संपतोय आणि तुम्हाला झोपेत कळत नाहीये.

भटक्या:
मोठं सिलिंडर आहे, होजने जोडलेलं, बाहेर ठेवतो. हिशोब चांगला मांडलात. पण चेन उघडी असते ना, मग तुमचं बंद टेंटचं गणित लागूच होत नाही.

निळी_ज्योत:
लागू होत नाही हे तुम्ही जागे आहात तोवर. झोपेत कुणाला थंडी वाजली की हात आपोआप चेनकडे जातो, मुलं तर हमखास ओढतात. शिवाय एकच फट असून भागत नाही, खाली एक आणि वर एक अशी दोन तोंडं लागतात. गरम वापरलेली हवा वरून जाते आणि तिच्या जागी खालून ताजी येते. फक्त दाराची खालची चेन उघडी ठेवली आणि वरचा व्हेंट मिटलेला असला तर हवा फिरतच नाही. किती उघडं ठेवायचं ते हीटरच्या पुस्तिकेत चौरस सेंटिमीटरमध्ये दिलेलं असतं, ते किमान समजा आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवा.

दवबिंदू:
पायवाट, सगळ्यात आधी एक बघा, हीटरवर किंवा पुस्तिकेत ‘फक्त बाहेर वापरण्यासाठी’ असं लिहिलंय का. सिलिंडरच्या डोक्यावर थेट बसवायची वाटीसारखी गोल हीटर येतात ती बाहेरचीच असतात, त्यात ऑक्सिजनचा सेन्सरही नसतो. ती टेंटमध्ये न्यायचीच नाहीत, चेन उघडी असो वा नसो. तुमचं वर्णन ऐकून आत चालणारं वाटतंय पण खात्री करा.

पायवाट:
बघितलं. आत वापरण्यासाठी चालेल असं आहे, पण पुढच्याच ओळीत ‘झोपताना वापरू नये’ असंही आहे, अगदी बारीक अक्षरात! नवऱ्याला दाखवलं. तो म्हणतो कंपन्या जबाबदारी झटकायला असं लिहितातच.

डॉक्टरीणबाई:
झटकायला लिहीत असतील तरी ते खरं आहे. मी वैद्यकीय बाजू सांगते.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे हवेत अगदी थोडा असला तरी तासन् तास श्वासातून जात राहिला की रक्तात साठत जातो. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, पाय गळाल्यासारखे होतात. मग गोंधळ उडतो. जागा माणूस निदान उठून बाहेर तरी जाईल, झोपलेल्या माणसाला डोकेदुखी जाणवतच नाही, तो झोपेतून थेट बेशुद्धीत जातो. आणि हा गोंधळ फार फसवा असतो, आपल्याला काही होतंय हे ज्या मेंदूला कळायला हवं तोच आधी मंद झालेला असतो. म्हणून ‘डोकं दुखायला लागलं तर बंद करू’ हा बेत चालत नाही.

लहान मुलं वजनाच्या मानाने जास्त श्वास घेतात, त्यामुळे त्यांना लवकर बाधतो. गरोदर बाईच्या बाबतीत तर पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन हा वायू आणखी घट्ट पकडतं. हृदयविकार असलेल्यांनाही धोका जास्त.

ओळखायचं कसं? टेंटमधल्या एकापेक्षा जास्त जणांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, ताप नाही, आणि मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतंय, तर हाच वायू आहे असं धरून चाला. सगळ्यांनी बाहेर. जो उठत नाही त्याला ओढून बाहेर, पण ओढायला जाताना टेंट आधी मोकळा करा, दार पूर्ण उघडा, फ्लाय उपटली तरी चालेल, आणि श्वास रोखून पटकन काम करा. मग लगेच रुग्णवाहिका बोलवा, फोनवर ‘गॅसची बाधा’ असं स्पष्ट सांगा म्हणजे ते ऑक्सिजन घेऊन येतील. बरं वाटलं म्हणून तिथेच पुन्हा झोपू नका. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायलाच ४-५ तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात निम्मा होतो. म्हणून दवाखाना.

एक खास सांगायचं राहिलं, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊन जाणारे खूप आहेत हल्ली. यात त्याच्यावर अजिबात विसंबू नका! ते यंत्र ऑक्सिजन धरलेलं आणि मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखू शकत नाही, माणूस गंभीर असतानाही ९८ दाखवेल.

रानवाट:
डॉक्टरीणबाई, ऑक्सिमीटरचं माहीतच नव्हतं, फार मोलाचं सांगितलंत. वाचनखूण साठवली.

गोंधळाबद्दल लिहिलंत त्यावरून आठवलं. अमेरिकेचे अ‍ॅडमिरल रिचर्ड बर्ड १९३४ साली अंटार्क्टिकात हवामानाच्या नोंदी घ्यायला बर्फाखालच्या एका खोलीत हिवाळाभर एकटे राहिले होते. तिथल्या स्टोव्हच्या आणि जनरेटरच्या धुरातून त्यांना हीच बाधा झाली. अशक्तपणा, डोकेदुखी, उलट्या, तरी मुख्य तळाला ते सगळं ठीक असल्याचं कळवत राहिले. रेडिओवरचे त्यांचे संदेश विस्कळीत यायला लागले तेव्हा तळावरच्या लोकांना शंका आली आणि शेवटी ऑगस्टमध्ये तिघे जण त्यांच्यापर्यंत पोचले. इतका कसलेला माणूस, कारण कळल्यावरही थंडी आणि धूर यातलं एक निवडत महिने काढावे लागले त्याला.

हिमरेषा:
उंचावर जाणाऱ्यांसाठी वेगळं लिहितो. समुद्रसपाटीपासून ३००० मीटरवर हवेचा दाब जवळपास ७० टक्केच राहतो. तिथे हा ऑक्सिजनवाला पायलट हवा चांगली असतानाही विझतो, अनेक हीटरच्या पुस्तिकेत २१०० मीटरच्या वर असं होऊ शकतं असं दिलेलं असतं. मग लोक काय करतात तर सेन्सर काढून टाकतात किंवा पायलटला काहीतरी जुगाड करतात, व्हिडिओ सुद्धा आहेत त्याचे. कृपा करून हे करू नका. उंचावर ज्वलन आधीच बिघडलेलं असतं, शरीरालाही ऑक्सिजन कमी पडत असतो, त्यात जी एकमेव सोय होती ती काढून टाकायची. आणखी म्हणजे उंचीचा त्रास आणि मोनॉक्साइडची बाधा यांची लक्षणं जवळजवळ सारखी, डोकेदुखी, मळमळ, थकवा. उंचीमुळे होतंय म्हणून टेंटमध्ये आडवं व्हायचं आणि तिथेच हीटर चालू, याच्याइतकं वाईट काही नाही. मी २५०० मीटरच्या वर हीटर नेतच नाही, विषय संपला.

भटक्या:
सेन्सर काढण्याचं मी पण कधीच समर्थन करणार नाही. पण मग कॅटॅलिटिक हीटरचं काय? त्यात ज्योतच नसते, ते तरी रात्री चालतं ना?

निळी_ज्योत:
कॅटॅलिटिकमध्ये गॅस प्लॅटिनमसारख्या धातूचा लेप असलेल्या जाळीवर ज्योतीशिवाय कमी तापमानाला जळतो. चांगल्या स्थितीत असेल तर मोनॉक्साइड कमी निघतो, शून्य नाही. ऑक्सिजन मात्र तेवढाच खातो. जाळी जुनी झाली, तिच्यावर धूळ किंवा तेलकटपणा बसला की ज्वलन अपुरं होतं आणि बाहेरून काही दिसत नाही, ज्योत पिवळी झाली वगैरे खूणच नाही त्यात. तेव्हा झोपताना तेही नाही.

पिवळ्या ज्योतीवरून सांगतो, सिरॅमिकची प्लेट नारिंगी-लाल होणं बरोबर आहे, ती तशीच हवी. पण प्लेटवरून पिवळ्या जिभा बाहेर येत असतील, काजळी धरत असेल, पेटताना भप्प आवाज होत असेल तर हीटर वापरू नका. घरून निघायच्या आधी अंगणात किंवा गच्चीवर पंधरा-वीस मिनिटं पेटवून बघा.

दवबिंदू:
आणखी एक मुद्दा ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, पाणी. १ किलो प्रोपेन जळलं की १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. म्हणजे मघाच्या हिशोबाने तासाला सव्वाशे ग्रॅमच्या वर पाणी टेंटमध्ये सोडलं जातं, वर आपल्या श्वासाचं वेगळं. ती वाफ थंड कापडावर जाऊन बसते आणि टपटप गळते. पहाटे गॅस संपला की ओल्या टेंटमध्ये ओल्या स्लीपिंग बॅगेत तुम्ही, आणि पिसांची बॅग असेल तर ओली झाल्यावर ती ऊबच धरत नाही. म्हणजे ज्या थंडीसाठी हीटर लावला ती उलट वाढते. मला स्वतःला हीटर रात्री न लावण्याचं हे कारण धोक्याइतकंच महत्त्वाचं वाटतं कारण धोक्याचं सांगून लोक ऐकत नाहीत पण ओल्या बॅगेचं सांगितलं की ऐकतात.

पायवाट:
बापरे, केवढी माहिती. नवऱ्याला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. रात्री चालू ठेवायचा नाही हे आता दोघांचंही ठरलं. पण मग झोपायच्या आधी तास-अर्धा तास आणि सकाळी उठल्यावर कपडे बदलताना, एवढ्यापुरता वापरला तर चालेल ना? आणि तेव्हा काय काय सांभाळायचं? मोनॉक्साइडचा अलार्म घ्यावा का?

निळी_ज्योत:
हो, त्यासाठी तो उत्तम आहे. मोठं माणूस जागं, नजर हीटरवर, वरचा व्हेंट आणि खालची चेन उघडी.

जागेचं बघा. टेंटचं नायलॉन सव्वादोनशे अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिएस्टर अडीचशेच्या थोडं वर, आणि ती लाल प्लेट त्याच्या कितीतरी पट गरम असते. वितळलेलं नायलॉन थेंब होऊन अंगावर पडतं आणि कातडीला चिकटतं. आगरोधक कापड म्हणून विकतात त्याचा अर्थ आग पसरायला वेळ लागतो, जळत नाही असा नव्हे. समोर निदान पाऊण मीटर आणि डोक्यावर तेवढंच अंतर मोकळं हवं, पुस्तिकेत जास्त दिलं असेल तर ते धरा. घुमटाच्या टेंटमध्ये भिंती आत कलतात त्यामुळे कोपऱ्यात हीटर ठेवला की वरचं अंतर मिळत नाही, मधोमध किंवा दाराजवळ ठेवावा लागतो. स्लीपिंग बॅगवर किंवा मॅटवर ठेवायचा नाही, खाली सपाट कडक फळी किंवा धातूचा ट्रे घ्या. ओले मोजे वरून वाळत घालायचे नाहीत. लेकीला आधीच सांगा की या फळीच्या आसपास खेळायचं नाही आणि बाहेर जायचा रस्ता कधीही हीटरवरून ओलांडून जाणारा नको.

गळतीचं वेगळं. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, गळला की खाली बसतो. आणि टेंटचा तळ कडा उंच असलेल्या परातीसारखा, त्यातून तो बाहेर वाहून जात नाही. हवेत २ टक्क्यांहून थोडा जास्त झाला की ठिणगी पुरते. तुमच्या टेंटएवढ्या जागेला दीडशे ग्रॅम गॅस, म्हणजे छोट्या सिलिंडरचा तिसरा हिस्सा, आणि तळाशी साठलेला असेल तर त्याहून कितीतरी कमी. म्हणून सिलिंडर जोडणं आणि काढणं दोन्ही टेंटच्या बाहेर, आजूबाजूला शेकोटी, मेणबत्ती, पेटती चूल नसताना. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, काडी ओढून कधीही तपासू नका. हीटरच्या तोंडातला रबरी वॉशर चिरलेला असेल तर बदला. आत गॅसचा वास आला तर बटण, टॉर्च, लायटर कशालाही हात न लावता सगळे बाहेर आणि टेंट उघडा.

हिमरेषा:
अलार्म घ्याच. त्यात थोडं बघून घ्या. युरोपात घरगुती अलार्मसाठी ईएन ५०२९१ या मानकाचा पहिला भाग आहे आणि कॅराव्हॅन, बोटी वगैरेंसाठी दुसरा भाग, हालचाल आणि दमटपणा सोसेल असा. दुसऱ्या भागाचा मिळाला तर बरा. अमेरिकेचं मानक यूएल २०३४. आणि अलार्म लगेच वाजत नाही हे लक्षात ठेवा. ईएनच्या अलार्मला ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग मोनॉक्साइड) वाजायला ६० ते ९० मिनिटं मुभा असते, ३०० पीपीएमला मात्र ३ मिनिटांत वाजलाच पाहिजे. यूएलचा ७० पीपीएमला १ ते ४ तास घेऊ शकतो. म्हणजे अलार्म गप्प आहे याचा अर्थ हवा शुद्ध आहे असा होत नाही. आकडा दाखवणारा स्क्रीन असेल तर तो बघत राहा.

हा वायू हवेपेक्षा किंचित हलका, जवळजवळ सारखाच, त्यामुळे तो सगळीकडे मिसळतो. अलार्म झोपलेल्या डोक्यांच्या पातळीला टांगा, ओल्या कापडाला चिकटून नको. आणि थंडी! बरेच अलार्म शून्याच्या खाली किंवा उणे १० च्या खाली काम करतील याची हमी निर्माता देत नाही, पाठीमागे तापमानाची मर्यादा लिहिलेली असते. दिवसा जॅकेटच्या आत ठेवा, नवीन बॅटरी घाला, बटण दाबून तपासा, सेन्सरची मुदत संपण्याची तारीख पण बघा.

डॉक्टरीणबाई:
अलार्म रात्रभर चालू ठेवा, हीटर बंद असला तरी. बाजूच्या टेंटचा जनरेटर किंवा गाडीचं इंजिन चालू असतं कधी कधी.

आणि हीटरचं एवढं बोलतोय तर कोळशाचं राहायला नको. जेवण झाल्यावर विझत आलेली शेगडी ऊब म्हणून टेंटमध्ये किंवा पुढच्या पडवीत ओढून घेतात. यात किती कुटुंबं गेली आहेत. राख पांढरी झाली, ज्वाळा नाही, धूर नाही, तरी कोळसा तासन् तास मोनॉक्साइड सोडत राहतो, आणि तो गॅसच्या हीटरपेक्षा कितीतरी जास्त. शेगडी बाहेरच, लांब, पूर्ण गार होईपर्यंत.

रानवाट:
अनुमोदन. स्वयंपाकाच्या गॅस स्टोव्हवर मातीची कुंडी उपडी ठेवून ‘हीटर’ करतात तेही नको. उष्णता तेवढीच मिळते, कुंडी काही जादूने वाढवत नाही, उलट ज्योतीला हवा नीट मिळत नाही आणि मोनॉक्साइड वाढतो.

भटक्या:
मी इतके दिवस चेन उघडी एवढ्याच भरवशावर होतो. थर्मोकपलचं आणि अलार्मच्या वेळेचं वाचून विचार बदललाय, यापुढे झोपताना बंद. पण मग उणे तापमानात झोपायचं कसं ते पण सांगा लोकहो, कारण बोलणं सोपं आहे.

दवबिंदू:
छान विचारलंत, खरं उत्तर तिथेच आहे. बहुतेकांना थंडी वरून नाही, जमिनीकडून वाजते. अंगाखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगेत हवाच उरत नाही त्यामुळे तिथे ती ऊब देत नाही, ते काम मॅटचं. मॅटवर आर व्हॅल्यू (उष्णता किती अडवते तो आकडा) लिहिलेली असते, शून्याच्या खाली जाणार असाल तर ४ च्या वरची बघा. दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते, म्हणजे साधी फोमची मॅट खाली आणि हवेची वर टाकली तरी भागतं, गाडी सोबत असणाऱ्यांना तर हे सहज जमतं. स्लीपिंग बॅगवर आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे तीन तापमानं असतात, त्यातलं ‘कम्फर्ट’ बघायचं, ‘एक्स्ट्रीम’ नाही. एक्स्ट्रीम म्हणजे त्या थंडीत कसाबसा जीव वाचेल असा आकडा, झोप लागेल असा नव्हे. अंदाजापेक्षा ५ अंश खालची बॅग घ्या. मुलीला मोठ्यांची लांब बॅग दिलीत तर पायाकडचा रिकामा भाग दुमडून बांधा, ती रिकामी जागा तापवण्यात तिची ऊब जाते.

झोपायच्या आधी गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून पायाशी किंवा मांड्यांमध्ये. १ लिटर पाणी ८० अंशांवरून ३० वर येताना साठेक वॉट-तास उष्णता देतं, आणि ती सगळी बॅगेच्या आत, टेंटच्या छतावर वाया जात नाही. दिवसभर घातलेले मोजे बदला, घामाने दमट असतातच. टोपी घाला पण तोंड बॅगेत खुपसून झोपू नका, श्वासाने आतून ओली होते. आणि लघवीला जाऊन या, कितीही कंटाळा आला तरी.

हिमरेषा:
ज्यांना रात्रभर ऊब हवीच आहे आणि गाडी जवळ आहे त्यांच्यासाठी एक पर्याय, डिझेलवर चालणारे एअर हीटर. त्यात जळण्याची खोली बंद असते, हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेर सोडतो, टेंटमध्ये फक्त गरम हवेचा पाइप येतो. यंत्र टेंटच्या बाहेर, धुराचं तोंड वारा टेंटपासून दूर वाहून नेईल त्या बाजूला आणि दारापासून लांब. तरी अलार्म हवाच, कारण रात्रीत वारा फिरतो.

पायवाट:
मंडळी, मनापासून धन्यवाद. दुसरी मॅट घेतोय, लेकीसाठी बाटली पण ठरली, अलार्म मागवला. शेवटचा प्रश्न, रात्री सिलिंडर कुठे ठेवायचं? बाहेर ठेवलं तर सकाळी थंडीने गॅस येणार नाही असं नवऱ्याचं म्हणणं.

निळी_ज्योत:
येईल. शुद्ध प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतं, उणे ३ त्याला काहीच नाही. अडचण ब्युटेनला होते, ते शून्याच्या जवळपासच अडकतं, म्हणून ब्युटेन मिसळलेलं सिलिंडर थंडीत मलूल होतं. विकत घेताना प्रोपेनच आहे ना ते बघा. वापरताना सिलिंडरवर बर्फाचा थर धरतो तो गॅस उडताना सिलिंडर गार पडतं म्हणून, त्याने आच थोडी कमी होते, त्याला घाबरू नका पण म्हणून सिलिंडर हीटरसमोर ठेवून किंवा गरम पाणी ओतून तापवायचं नाही. एकदाच वापरायचं सिलिंडर पुन्हा भरून घ्यायचं नाही, त्याचा व्हॉल्व्ह त्यासाठी बनवलेलाच नसतो.

झोपायच्या आधी हीटर बंद करा, गार होऊ द्या, बाहेर न्या, सिलिंडर फिरवून काढा, किंचित फुस्स होईल ते चालतं. फुस्स थांबलंच नाही तर सिलिंडर तसंच उघड्यावर टेंटपासून लांब ठेवा. टोपण लावा आणि टेंटच्या बाहेर उभं, सावलीत ठेवा. बंद गाडीत नको, सकाळी ऊन आलं की गाडी तापते.

पायवाट:
समजलं. शुद्ध प्रोपेनचंच आहे, लेबल बघितलं आत्ता. घरीच गच्चीवर पेटवून बघतो आणि ज्योत कशी दिसते ते इथे कळवते.